खुर्ची कोणाची? कमोडोर डेकर आणि ‘एंटरप्राइज’च्या ताब्याचं प्रकरण

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथांच्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेतला ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग २० ऑक्टोबर १९६७ रोजी पहिल्यांदा प्रसारित झाला. बहुतेकांच्या लक्षात राहतं ते त्यातलं ग्रह गिळत सुटलेलं अजस्र यंत्र. अवकाशजहाजावर हुकूम कोणाचा चालतो, कोणत्या आधाराने चालतो आणि कुठे अडतो हे पाहायचं असेल, तर मात्र यंत्र बाजूला ठेवून ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवलं जातं त्या कक्षातल्या, एका खुर्चीकडे बघावं लागतं. पन्नासेक मिनिटांच्या कथेत ‘एंटरप्राइज’ जहाजावरची ती खुर्ची पहिला अधिकारी स्पॉककडून दुसऱ्या जहाजावरच्या कमोडोर डेकरकडे आणि डेकरकडून परत स्पॉककडे जाते. खरा कॅप्टन कर्क या सगळ्या काळात दुसऱ्याच जहाजावर अडकलेला असतो.

घटनाक्रम

‘एंटरप्राइज’ला वाटेत उद्ध्वस्त झालेल्या सूर्यमाला लागतात. एल-३७४ या मालेत तिला तिच्याच वर्गातलं ‘कॉन्स्टेलेशन’ हे जहाज मोडकळून तरंगताना सापडतं. कर्क, डॉक्टर मॅकॉय, मुख्य अभियंता स्कॉट आणि दुरुस्ती पथक तिकडे जातात. जहाजावर जिवंत माणूस एकच, त्याचा कमांडर कमोडोर मॅट डेकर, आणि तोही सुन्न अवस्थेत. जहाज निकामी झाल्यावर डेकरने आपले चारशे लोक तिसऱ्या ग्रहावर उतरवले होते, स्वतः शेवटपर्यंत जहाजावर थांबला होता. यंत्राने नेमका तोच ग्रह फोडला. माणसं क्षणात इकडून तिकडे पोहोचवणारा ट्रान्सपोर्टर बंद पडलेला, त्यामुळे लोकांच्या हाका ऐकत बसण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही.

डेकरला मॅकॉयबरोबर ‘एंटरप्राइज’वर पाठवलं जातं. कर्क आणि स्कॉट मोडक्या जहाजावरच राहतात. तेवढ्यात यंत्र येतं, ‘एंटरप्राइज’वर हल्ला करतं, ट्रान्सपोर्टर बिघडतो आणि कर्कशी संपर्क तुटतो. यंत्र वाट बदलून रायजेलच्या वस्तीच्या दिशेने निघतं. सूत्रं स्पॉककडे असतात. कर्कला परत घ्यायचं, संदेशांत अडथळा आणणाऱ्या टापूबाहेर पडायचं आणि स्टारफ्लीटला, म्हणजे ही जहाजं ज्या अवकाश-आरमाराची आहेत त्याला, सावध करायचं, असा त्याचा बेत. डेकरला मात्र लगेच चाल करून जायचं असतं. स्पॉक ऐकत नाही म्हटल्यावर नियमांनी कमोडोरला दिलेला अधिकार वापरून आपण ‘एंटरप्राइज’चा ताबा घेत आहोत, असं तो औपचारिकपणे जाहीर करतो.

पुढे हल्ला होतो. फेझर या किरणशस्त्राचे मारे यंत्राच्या न्यूट्रोनियम या अभेद्य पदार्थाच्या कवचावर वाया जातात, जहाजाभोवतीच्या ऊर्जेच्या ढाली कोसळतात, माणसं जखमी होतात. स्पॉक ताबा काढून घेण्याची धमकी देतो तेव्हा कुठे डेकर मागे वळायचा हुकूम सोडतो. तोवर यंत्राच्या ट्रॅक्टर बीमने, म्हणजे ओढून धरणाऱ्या किरणाने, जहाज धरलेलं असतं. कर्क मोडक्या जहाजातून गोळीबार करून यंत्राचं लक्ष स्वतःकडे वळवतो, म्हणून ‘एंटरप्राइज’ सुटतं. संपर्क जोडला जातो, खुर्चीत कोण बसलंय ते कर्कला कळतं आणि तो स्पॉकला डेकरला हटवण्याचा थेट हुकूम देतो.

हुद्दा वेगळा, ताबा वेगळा

हे प्रकरण समजायला दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवायला हवेत. हुद्दा माणसाचा असतो. तो बदली झाली, जहाज बुडालं, माणूस रजेवर गेला, तरी त्याच्याबरोबर राहतो. ताबा जहाजाचा असतो, नेमणुकीच्या आदेशाने मिळतो आणि त्या एका जहाजापुरता असतो. गोंधळ होतो तो ‘कॅप्टन’ या शब्दामुळे, कारण तो हुद्दाही आहे आणि पदही. कर्क हुद्द्यानेही कॅप्टन आणि पदानेही. डेकर हुद्द्याने कमोडोर, म्हणजे कर्कच्या वरचा, पण पदाने ‘कॉन्स्टेलेशन’चा प्रमुख. ‘एंटरप्राइज’च्या नेमणुकीच्या कागदांत त्याचं नाव कुठेच नाही.

गंमत म्हणजे ‘कमोडोर’ हे मुळात पदाचंच नाव. जुन्या आरमारांत अनेक जहाजांच्या तुकडीवर नेमलेल्या कॅप्टनला, ती नेमणूक असेपर्यंत, कमोडोर म्हणत. त्याचा कायमचा हुद्दा कॅप्टनच राही. मूळ मालिकेत हा पक्का हुद्दा झालेला दिसतो, पण जुना अर्थ अजून त्याला चिकटून आहे: कमोडोर म्हणजे एका जहाजाच्या वर बघणारा माणूस. डेकर नेमका त्या अर्थावर झेप घेतो.

समुद्रावरच्या आरमारांत ही फट बऱ्यापैकी बुजवलेली आहे. ताफ्याचा ॲडमिरल एखाद्या जहाजावर मुक्कामाला असला तरी ते जहाज चालवतो त्याचा कॅप्टनच. ॲडमिरल ताफ्याला हुकूम देतो आणि त्या जहाजालाही देतो तो कॅप्टनच्या मार्फत. सुकाणूवरच्या माणसाला तो थेट ‘डावीकडे वळव’ म्हणायला लागला, तर ते गंभीर लक्षण मानलं जातं. डेकर पहिल्याच मिनिटाला नेमकं हेच करतो. तो खुर्चीत बसतो आणि हुकूम सरळ सुकाणूवरच्या सुलूला द्यायला लागतो.

साखळीत कोण उरलं होतं

आता त्या क्षणी जहाजावर कोण होतं ते पाहू. कर्क नाही. पहिला अधिकारी स्पॉक आहे, आणि तोच विज्ञान अधिकारीही. म्हणजे दोन कामं आणि एक माणूस. त्यानंतरचा ज्येष्ठ स्कॉट, पण तो कर्कबरोबर मोडक्या जहाजावर. मॅकॉय लेफ्टनंट कमांडर, म्हणजे हुद्द्याने सुलूच्या वर, पण वैद्यकीय शाखेतला, त्यामुळे ताब्याच्या रांगेत त्याची गणती नाही. समुद्रावरच्या आरमारांतही डॉक्टर कितीही ज्येष्ठ असला तरी जहाज त्याच्याकडे जात नाही. स्पॉकनंतर उरतो तो लेफ्टनंट सुलू.

म्हणजे वरच्या तीन माणसांपैकी दोन एकाच वेळी एकाच मोडक्या जहाजावर गेले होते. या प्रकरणातली पहिली चूक डेकरची धरण्याआधी ही नोंदवायला हवी. कॅप्टन आणि मुख्य अभियंता एकत्र पाठवले, की मागे राहिलेली साखळी एका कडीवर लटकते. पुढे ‘नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या मालिकेत कॅप्टनने स्वतः ग्रहावर उतरू नये म्हणून पहिला अधिकारी रायकर हटून बसतो, त्यामागे हेच गणित आहे. कॅप्टन जहाजावर असेल तर ‘कॅप्टनच्या अनुपस्थितीत’ या शब्दांनी सुरू होणारं कोणतंही कलम जागं होत नाही.

आदेश १०४, विभाग ब

डेकरने ताबा घेतल्यावर मॅकॉय भडकतो. स्पॉक त्याला सांगतो की स्टारफ्लीट आदेश १०४ च्या विभाग ब मुळे आपल्यापुढे पर्याय नाही. त्या कलमाचा पूर्ण मजकूर पडद्यावर ऐकायला मिळत नाही, म्हणून त्याचा अर्थ पात्रांच्या वागण्यावरूनच लावावा लागतो. वागणं बरंच बोलकं आहे.

कर्क समोर असताना डेकर एकदाही ताबा मागत नाही. ‘कॉन्स्टेलेशन’वर कर्क त्याच्याच जहाजात हुकूम सोडत होता, तेव्हाही तो गप्प होता. हक्क सांगतो तो संपर्क तुटल्यावर. नंतर कर्कला सफाई देताना तो हुद्द्याचा दाखला एकटा देत नाही, पहिला अधिकारी आक्रमक पाऊल उचलायला तयार नव्हता हे कारणही जोडतो. म्हणजे त्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणेसुद्धा नुसता हुद्दा पुरेसा नव्हता. कॅप्टन नसणं, जागेवरचा अधिकारी कनिष्ठ असणं आणि तातडीचं कारण असणं, या तिन्हींची मोळी बांधावी लागत होती.

आमच्या वाचनात या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. डेकरचा ताबा कॅप्टनच्या अनुपस्थितीवर उभा होता, आणि अनुपस्थिती ही अवस्था आहे, कायमचा निकाल नाही. ती संपली की तिच्यावर उभं असलेलं सगळं डळमळतं.

स्पॉकने खुर्ची सोडली ते बरोबर होतं का?

बरेच प्रेक्षक इथे स्पॉकवर चिडतात. त्याला डेकर चुकतोय हे माहीत आहे, तो तसं तोंडावर सांगतोही: याआधी हाच प्रयत्न केलात आणि जहाज गेलं, माणसं गेली. तरी तो उठतो. आमच्या मते उठणं बरोबरच होतं, कारण त्या क्षणी त्याच्या हातात मतभेदाशिवाय काहीच नव्हतं. मतभेदावर ताबा नाकारायचा म्हटलं, तर प्रत्येक जहाजावर प्रत्येक कठीण निर्णयाला बंड होईल.

डेकरचं पुढचं वाक्य मात्र लक्षपूर्वक ऐकण्यासारखं आहे. ताबा गेलाच आहे, आता ड्यूटीवरूनही उतरवायला लावू नका, असा त्याचा इशारा असतो. या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. ताबा गेलेला अधिकारी आपल्या जागेवर काम करत राहतो, उपकरणांचे आकडे वाचतो, सल्ला देतो, साक्षीदार असतो. ड्यूटीवरून उतरवलेला अधिकारी खोलीत जाऊन बसतो. स्पॉक गप्प बसून आपल्या जागेवर जातो आणि त्यामुळेच पुढे निर्णायक क्षणी ब्रिजवर हजर असतो. त्याने तिथे आवाज चढवला असता, तर कर्कचा हुकूम ऐकायला ब्रिजवर कोणी उरलं नसतं.

या मिनिटाचं चित्रण दिग्दर्शनाच्या बाजूने फार छान आहे. डेकरचा हुकूम सुटतो आणि सुलूची नजर क्षणभर स्पॉककडे जाते. हुकूम पाळला जातो, पण ती नजर नोंद करून ठेवते की ब्रिजवरच्या माणसांच्या मनात जहाज अजून कोणाचं आहे. खुर्चीत बसलेला डेकर हातातल्या दोन रंगीत टेप एकमेकींवर घासत, फिरवत राहतो. डेकरची भूमिका करणाऱ्या विल्यम विंडमने उभं केलेलं हे बोटांचं चाळवणं म्हणजे मॅकॉयला हव्या असलेल्या वैद्यकीय पुराव्याचा अर्धा भाग, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालू होता.

काय राहून गेलं ते सांगायचं तर, स्पॉकने तोंडी विरोध केला पण तो जहाजाच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, वेळेसह घालायला लावल्याचं दिसत नाही. ताबा बदलला ती वेळ, घेणाऱ्याने दिलेला आधार, सोडणाऱ्याचा आक्षेप, हजर साक्षीदार आणि त्या क्षणाची जहाजाची स्थिती, म्हणजे ढाली किती टक्के, ट्रान्सपोर्टर चालू की बंद, कॅप्टनशी संपर्क कधी तुटला, ही नोंद करायला अर्धा मिनिट पुरतं. त्याने डेकर थांबला नसता. पण आपला आधार काय आहे हे त्याला मोठ्याने उच्चारावं लागलं असतं, आणि ‘कॅप्टन अनुपस्थित आहे’ हे शब्द लॉगमध्ये गेले असते. नंतर संपर्क जोडला गेला तेव्हा वादच उरला नसता.

तुलनेसाठी ‘नेक्स्ट जनरेशन’मधला ‘चेन ऑफ कमांड’ पाहा. या दोन भागांच्या कथेचा पहिला भाग १४ डिसेंबर १९९२ रोजी प्रसारित झाला. तिथे कॅप्टन पिकार्डकडून कॅप्टन जेलिकोकडे ताबा जातो तो समारंभाने. लोक रांगेत उभे असतात, आदेश वाचला जातो, संगणकाला कमांड कोड हस्तांतरित करायला सांगितलं जातं, आणि ‘मी तुम्हाला कार्यमुक्त करतो’ या वाक्याला ‘मी कार्यमुक्त झालो’ असं उत्तर मिळतं. या देवाणघेवाणीला केवळ शोभा समजू नये. दुसरं वाक्य उच्चारलं जाईपर्यंत जबाबदारी जुन्या माणसाची असते, नंतर नव्याची. मधे एकही क्षण असा राहत नाही की जहाज कोणाचंच नाही किंवा दोघांचं आहे. जेलिको पुढे तीन पाळ्यांच्या चार करतो, रायकरला हटवतो, लोक वैतागतात, पण त्याच्या ताब्याबद्दल कोणी शंका घेत नाही. डेकरच्या प्रकरणात ते दुसरं वाक्य कधीच उच्चारलं गेलं नाही.

डॉक्टरचा कागद

विभाग ब ताबा देतो, तर विभाग क तो काढून घ्यायची वाट दाखवतो. वैद्यकीय किंवा मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवलं, तर डेकरला हटवता येईल, असं स्पॉक मॅकॉयला सांगतो. मॅकॉय तिथल्या तिथे प्रमाणपत्र द्यायला तयार होतो. मग स्पॉक विचारतो की तपासणीच्या नोंदी कुठे आहेत. नोंदी नसतात. तपासणीच झालेली नसते. मग तुझं म्हणणं ग्राह्य धरलं जाणार नाही, असं स्पॉक सांगतो आणि विषय संपतो.

ही चूक नियमातली म्हणता येणार नाही, ती क्रमातली आहे. आपलं सगळं जहाज गमावलेला, एकटा जिवंत सापडलेला माणूस ट्रान्सपोर्टरमधून उतरतो, तेव्हा त्याचा पहिला मुक्काम रुग्णविभाग असायला हवा. इथे धोक्याचा इशारा झाला आणि रुग्ण डॉक्टरच्या पुढे धावत ब्रिजवर पोहोचला. डॉक्टर मागोमाग आला खरा, पण रुग्ण आता रुग्ण राहिला नव्हता, हजर अधिकाऱ्यांतला सर्वांत ज्येष्ठ झाला होता. काही मिनिटं आधी मॅकॉयचा एक साधा आदेश, ‘आधी तपासणी, मग कुठेही’, चालला असता. ब्रिजवर पोहोचल्यावर तोच आदेश कमोडोरला देणं जवळपास अशक्य झालं.

तपासणीत काय सापडलं असतं? नाडी, रक्तदाब, झोप नसणं, धक्क्याची लक्षणं, प्रश्नांना दिलेली उत्तरं. यातलं एकटं काहीच अपात्र ठरवायला पुरेसं नसतं, पण सगळं एका कागदावर वेळ टाकून नोंदलं असेल तर स्पॉकच्या हातात काहीतरी असतं. स्पॉकला डॉक्टरचं मत नको होतं, कागद हवा होता. मत मॅकॉयकडे नेहमीच भरपूर असतं.

कागद असूनही काम अडू शकतं, हे ‘व्हॉयेजर’ या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या ‘इयर ऑफ हेल’ या १९९७ च्या कथेत दिसतं. तिथे डॉक्टर कॅप्टन जेनवेला वैद्यकीय कारणाने कार्यमुक्त करतो आणि ती सरळ नकार देते. डॉक्टरचा अधिकार नियमात पूर्ण आहे, पण तो अमलात आणायला जहाजावर माणसंच उरलेली नाहीत. डेकरच्या वेळी याच्या उलट होतं: अंमलबजावणी करणारी माणसं हजर, कागद गैरहजर.

आत्महत्येचा मुद्दा

हल्ला फसत असताना स्पॉक एक अनपेक्षित चाल खेळतो. त्याचं म्हणणं असं: पुढे जाणं म्हणजे आत्महत्या आहे, आत्महत्येचा प्रयत्न हा मानसिक अपात्रतेचा पुरावा आहे, आणि मागे वळण्याचा हुकूम दिला नाहीत तर याच आधारावर मी तुम्हाला हटवीन. डेकर याला ब्लॅकमेल म्हणतो आणि वळायला तयार होतो.

कायद्याच्या नजरेने हा युक्तिवाद फार पातळ आहे. जोखमीचा प्रत्येक हल्ला असा आत्महत्या ठरवता येईल. तो तगतो तो एकाच गोष्टीमुळे: हाच हल्ला, हाच माणूस, हेच शस्त्र, असा प्रयोग आधी एकदा झालेला होता आणि त्याचा निकाल ‘कॉन्स्टेलेशन’च्या रूपाने बाहेर तरंगत होता. कवच न्यूट्रोनियमचं आहे ही मोजणी हल्ल्याआधीच हातात होती. म्हणजे स्पॉकने डॉक्टरच्या कागदाच्या जागी उपकरणांचे आकडे आणि एक मोडकं जहाज पुरावा म्हणून ठेवलं.

अमेरिकी नौदलाच्या नियमावलीत कनिष्ठाने कमांडिंग ऑफिसरला हटवण्यावर कलम १०८८ आहे. त्यातल्या अटी स्पॉकच्या बाजूला ठेवून पाहण्यासारख्या आहेत. वरिष्ठ मुख्यालयाची मंजुरी घ्या, आणि उशीर परवडणारच नसेल तरच ती सोडा. प्रमुखाला तुम्हाला माहीत नसलेले गुप्त आदेश आहेत का, याची खात्री करा. शक्य तितकी चौकशी करा. निष्कर्ष असा हवा की दुसरा कोणताही समंजस, अनुभवी अधिकारी त्याच ठिकाणी पोहोचला असता. आणि जबाबदारी पूर्णपणे तुमची. स्टारफ्लीटशी संपर्क नाही, गुप्त आदेश असण्याची शक्यता नाही, आकडे समोर आहेत, चौकशी म्हणजे बाहेर तरंगणारं जहाज. पहिल्या हल्ल्याआधी स्पॉक या अटींवर काठावर होता. ढाली कोसळल्यावर तो बऱ्यापैकी सुरक्षित जागी आला. अडचण एवढीच की कायद्याने सुरक्षित होईपर्यंत जहाज असुरक्षित झालं होतं. वळण्याचा हुकूम आला तेव्हा वळता येत नव्हतं.

कर्कचा हुकूम

संपर्क जोडला गेल्यावर कर्क डेकरशी फारसं बोलत नाही. तो स्पॉकला मागतो. हुकूम देतो तोही स्पॉकला. डेकर नियम पुढे करतो तेव्हा कर्क नियमांना धुडकावतो आणि ‘एंटरप्राइज’चा कॅप्टन म्हणून आपल्या वैयक्तिक अधिकारात ताबा घे, असं स्पॉकला सांगतो.

हे वाक्य सहसा बेदरकार नायकाचं म्हणून ऐकलं जातं. त्याची रचना पाहिली तर ते बरंच नेमकं आहे. कर्क कमोडोरला काहीही आज्ञा करत नाही. तशी केली असती तर कनिष्ठाने ज्येष्ठाला हुकूम दिला, असं झालं असतं. तो आपल्याच पहिल्या अधिकाऱ्याला आज्ञा करतो, आणि त्या साखळीत कर्क निर्विवाद वरचा आहे. शिवाय तो हुद्द्याचा आधार घेत नाही, ‘एंटरप्राइज’चा कॅप्टन म्हणून बोलतो, म्हणजे पदाचा घेतो. आणि रेडिओवर तो ऐकू येतोय, म्हणजे अनुपस्थिती संपली. कॅप्टनचं शरीर दुसऱ्या जहाजावर आहे हा आक्षेप इथे टिकत नाही. मालिकेत दर दुसऱ्या आठवड्याला कर्क कुठल्यातरी ग्रहावरून कम्युनिकेटरवर जहाज चालवत असतो, आणि ते कोणालाही गैर वाटत नाही.

नियम धुडकावण्याची भाषा मात्र अनावश्यक होती. ‘मी आता उपस्थित आहे, ताबा परत घेतो आणि स्पॉककडे सोपवतो’ एवढं म्हटलं असतं, तर डेकरला हरकत घ्यायला जागाच उरली नसती. पण त्या क्षणी कर्क स्वतः कोणाच्या खुर्चीत बसलाय याचाही विचार करावा. डेकर जिवंत आहे, ‘कॉन्स्टेलेशन’च्या प्रमुखपदावरून त्याला कोणी काढलेलं नाही, आणि कर्क तिथे बसून त्याच्या जहाजाचे फेझर डागतोय. दोघंही एकमेकांच्या जहाजावर आहेत, दोघांनीही परवानगी घेतलेली नाही. कथेत ही बाजू कोणी काढत नाही. कदाचित काढायला वेळ नव्हता.

स्पॉकचा शेवटचा भागही नमुनेदार आहे. तो जाहीर करतो की ताबा गेला. डेकर अधिकार मानायला नकार देतो. स्पॉक त्याला सांगतो की स्टारबेसपर्यंत जिवंत पोहोचलो तर रीतसर निषेध नोंदवा, पण आत्ता तुम्ही कार्यमुक्त आहात. म्हणजे वाद मिटवत नाही, पुढे ढकलतो. पाळा आधी, भांडा नंतर. अटकेचा उल्लेख येतो तेव्हा डेकर म्हणतो की ही पोकळ धमकी आहे, आणि व्हल्कन, म्हणजे स्पॉकच्या वंशाचे लोक, पोकळ धमक्या देत नाहीत, हे उत्तर त्याला पटतं. ब्रिजवर त्या वेळी किती जण उभे होते ते मोजा. साक्षीदार नसते तर या संवादाला काही वजन नसतं.

ताबा गेला, किल्ल्या राहिल्या

पुढची चूक अगदी घरगुती म्हणावी अशी आहे. डेकरला रुग्णविभागात न्यायला एकच रक्षक दिला जातो. मॅकॉय सोबत नाही, दुसरा माणूस नाही. जाता जाता डेकर त्याला पाडतो, शटल या छोट्या यानापर्यंत पोहोचतो आणि बाहेर पडतो. ब्रिजला कळतं ते शटल निघाल्यावर.

ताबा काढताना दोन गोष्टी काढायच्या असतात: हुकूम देण्याचा अधिकार आणि दारं उघडण्याची मुभा. पहिली तोंडाने काढता येते, दुसरी यंत्रणेतून काढावी लागते. शटलबे ब्रिजच्या परवानगीशिवाय उघडत असेल, तर कार्यमुक्त कमोडोर आणि कार्यरत कमोडोर यांत दाराला काही फरक दिसत नाही. अशा प्रसंगाची कथा लिहिणाऱ्यांनी किंवा खेळ चालवणाऱ्यांनी ही जागा धरून ठेवावी. हटवलेला माणूस पुढच्या पाच मिनिटांत कुठे जाऊ शकतो, त्याला कोण अडवेल आणि अडवणाऱ्याला तो हटवलाय हे कळलंय का, या तीन प्रश्नांतून अर्धी गोष्ट आपोआप निघते.

डेकर शटल यंत्राच्या तोंडात घालतो. तो मरतो, पण त्या स्फोटाने यंत्राची ऊर्जा किंचित घसरल्याचं दिसतं, आणि त्यावरून कर्कला सुचतं की याहून खूप मोठा स्फोट आतून झाला तर काम होईल. ‘कॉन्स्टेलेशन’ची इम्पल्स इंजिनं उडवायची, ९७.८३५ मेगाटनचा स्फोट, बटण दाबल्यापासून ३० सेकंद. स्कॉट आधी परत येऊन ट्रान्सपोर्टर दुरुस्तीला लागतो आणि कॅप्टन फुटणाऱ्या जहाजावर एकटा राहतो. ट्रान्सपोर्टर ऐनवेळी दगा देत असताना ‘कॅप्टनची अनुपस्थिती’ कायमची होण्यापासून काही सेकंदांवर येते.

कागद बरोबर, निर्णय चूक

याच हंगामात, ८ डिसेंबर १९६७ रोजी आलेल्या ‘द डेडली इयर्स’मध्ये दुसरा एक कमोडोर ताबा घेतो. झपाट्याने म्हातारा होत चाललेल्या कर्कची क्षमता तपासण्यासाठी कमोडोर स्टॉकर स्पॉकला रीतसर सुनावणी घ्यायला लावतो. साक्षी होतात, चुका एकेक करून पुढे येतात, कर्क अपात्र ठरतो. स्पॉकही आजारी असल्याने ताबा स्टॉकरकडे जातो. कागदांत एकही भोक नाही. पण स्टॉकरने असं जहाज कधी चालवलेलं नाही. वेळ वाचवायला तो शत्रू रोम्युलनांच्या सीमेवरच्या प्रवेशबंद न्यूट्रल झोनमधून जातो आणि रोम्युलन जहाजांच्या घेऱ्यात सापडतो.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. डेकरला जहाज चालवता येत होतं, त्याचा आधार कच्चा होता. स्टॉकरचा आधार पक्का होता, त्याला जहाज चालवता येत नव्हतं. ताब्याचे नियम फक्त पहिल्या प्रकारची चूक पकडतात.

लॉग

प्रकरणाच्या शेवटी डेकरची नोंद कर्तव्यावर असताना मृत्यू, अशी व्हायची ठरते. रक्षकाला पाडलं, शटल पळवली, ताबा गेल्याचं मानायला नकार दिला, यातलं काही त्या ओळीत नाही. ज्याला निषेध नोंदवायचा होता तो स्टारबेसपर्यंत पोहोचला नाही, म्हणून कर्कच्या त्या वैयक्तिक अधिकारातल्या हुकमाची वैधता कोणत्याही मंडळापुढे गेली नाही. आदेश १०४ च्या विभाग ब मध्ये ‘अनुपस्थिती’ कधी संपते, हा प्रश्न तसाच राहिला.